बुरैद्याच्या पालव मॅडम

कुठल्याही पुस्तकात मेजवानीचा प्रसंग आला की पालव मॅडम पुस्तक उलटं टेबलावर ठेवायच्या, चष्मा कपाळावर चढवायच्या आणि वर्गाला विचारायच्या, "छान. पाहुणे गेले. आता ग्लास कोण विसळणार?" अकरावीच्या मुली पहिल्यांदा हसायच्या. मग शोधायला लागायच्या. नोकराचं नाव कुठे दिलंय का, त्याच्या तोंडी एखादं तरी वाक्य आहे का, म्हणून पानं मागेपुढे उलटायच्या. बहुतेक वेळा काही सापडायचं नाही. "लेखकाने लिहिलं नसेल तर तुम्ही लिहा," असं म्हणून मॅडम तोच गृहपाठ देऊन टाकायच्या.

मी शेजारच्या वर्गात गणित शिकवायचे. रियाधमधल्या आमच्या भारतीय शाळेत मुलींची इमारत वेगळी, भिंती पातळ आणि पालव मॅडमचा आवाज खणखणीत. माझ्या त्रिकोणमितीत रोज त्यांचे ग्लास येऊन पडायचे. शेवटी एकदा वैतागून मी त्यांना गाठलं. म्हटलं, "अहो, जरा हळू. माझ्या मुली साइन थीटा सोडून तुमची भांडी घासतायत." त्या म्हणाल्या, "मग तुम्हीही या ना घासायला." झाली ओळख. पुढे अहो-जाहो गेलं, ती माझी माधवी झाली आणि मी तिची वैशाली. आता मी नाशिकला परत आलेय, पण सौदीतल्या इतक्या वर्षांतून एकच माणूस सोबत आणायची मुभा असती तर मी तिला आणलं असतं. आमच्या ह्यांना हे मी सांगितलेलं आहे.

दिसायला ती काटक, उंच, नाकाडी. शाळेत आल्यावर अबाया खुंटीला अडकवला की आत कडक इस्त्रीची सुती साडी. केसांत फूल नाही, कारण रियाधमध्ये गजरा मिळवायचा म्हणजे बत्ह्याच्या बाजारात जायचं आणि तिथे जायला तिच्याकडे दुसरी, जास्त महत्त्वाची कारणं होती. ती इंग्रजी शिकवायची, पण इंग्रजीची तिला अजिबात भीड नव्हती. मराठी मुलींना ती मराठीतून झापायची. त्या इंग्रजीतून उत्तर द्यायच्या आणि दोन्ही बाजूंचं समाधान व्हायचं.

तिची एक लाडकी अमेरिकन कादंबरी होती. लाडकी म्हणजे जिच्याशी ती जन्मभर भांडत आली होती अशी. अभ्यासक्रमात नव्हती, पण वाचनाच्या तासाला ती दरवर्षी मुलींकडून वाचून घ्यायची. गोष्ट साधी. गरीब घरातला मुलगा, श्रीमंत घरातली मुलगी. आपल्याकडे पैसा नाही म्हणून ती हातची गेली, असं मुलाला वाटतं. मग तो नाही नाही ते करून अमाप पैसा मिळवतो, मोठा बंगला घेतो आणि ती कधीतरी येईल म्हणून रात्रंदिवस पार्ट्या देतो. त्या पार्ट्यांत दारू वाहते, आणि आम्ही होतो सौदी अरेबियात, तेही मुलींच्या शाळेत. त्यावर माधवीचा तोडगा होता. "मुलींनो, हे सगळे लोक लिंबू सरबत पितायत असं समजा. आणि तरीही इतके वाईट का वागतायत, ते मला लिहून द्या." उत्तरं फार छान यायची. एका मुलीने लिहिलं होतं की त्यांना घरी कुणी वाट बघणारं नसावं.

त्या नायकाची ती कधी टिंगल मात्र करायची नाही. दुसऱ्या शिक्षिका म्हणायच्या, पैशाने प्रेम मिळत नाही हा या पुस्तकाचा बोध, संपलं. ही चिडायची. "बोध कसला डोंबलाचा? तो बिचारा मनापासून राबला. त्याचं चुकलं एवढंच की तिला एकदाही विचारलं नाही. बाई गं, तुला काय हवंय? बंगला हवाय की मी हवाय? एवढं विचारायला किती वेळ लागतो, वैशाली?" हे बोलताना तिचा आवाज जरा खाली यायचा. का, ते मला हळूहळू कळलं.

स्टाफरूममध्ये नवी बाई आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, मिस्टर कुठे असतात. माधवी म्हणायची, "बुरैद्याला, साइटवर." झालं. आमच्या लोकांच्या मते साइटवर असतो तो इंजिनिअर. कुठली कंपनी, गाडी कुठली, फॅमिलीला आणत का नाहीत, सगळं पुढे आपोआप ठरायचं. माधवी शांतपणे सांगायची, "इंजिनिअर नाहीत ते. पाइप फिटर आहेत." त्यावर बायका हसायच्या. काय मॅडम, विनोद करता. एम.ए. झालेली, फाडफाड इंग्रजी बोलणारी बाई आणि नवरा फिटर, हे त्यांच्या डोक्यात शिरायचंच नाही. ती एकदा सांगायची, दोनदा सांगायची, मग चहा प्यायला लागायची.

दिगंबर पालव कुडाळजवळच्या खेड्यातला. ही कुडाळच्या वकिलांची मुलगी. कॉलेजच्या पाण्याच्या टाकीचं काम चाललं होतं, त्यावर तो पाइप बसवत होता आणि ही तिथे एम.ए. करत होती. टाकीचं काम लांबलं, कसं लांबलं ते ती सांगायची नाही, नुसती हसायची. वकीलसाहेबांनी मुलाला नाही म्हटलं नाही. ते इतकंच म्हणाले, "आधी घर दाखव." दोघांनी लग्न केलं आणि दिगंबर त्या घरासाठी पैसे कमवायला सौदीला निघून आला. गावाला घर झालं. स्लॅबचं, गॅलरीचं, टाइल्स लावलेलं. "आणि त्यात राहतं कोण?" माधवी म्हणायची. "माझी जाऊ तिथे पापड वाळवते. तो माझ्यासाठी घर बांधत होता आणि मला घर नकोच होतं. पण मीही कुठे त्याला सांगितलं? मी गप्प बसून अभिमानाने पत्रं लिहीत होते." शेवटी हिने रियाधच्या शाळेत अर्ज केला. नकाशात बुरैदा आणि रियाधमध्ये बोटभर अंतर दिसत होतं.

ते बोटभर अंतर भलतंच निघालं. आखातात बॅचलर म्हणजे बिनलग्नाचा नव्हे. ज्याची बायको त्याच्या छताखाली नाही तो बॅचलर, मग त्याला नातवंडं का असेनात. दिगंबर बुरैद्याला कंपनीच्या कॅम्पात, एका खोलीत सहा जण. त्याच्या इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, धंदा फिटरचा, त्यावर बायकोला राहायला आणायची सोय नाही. माधवीचा इकामा शाळेचा, राहायला रियाधच्या अल मलाझ भागात लेडी टीचर्सची इमारत, तिथे पुरुषांना फाटकाच्या आत पाऊल टाकायला बंदी. सुट्टी त्याला फक्त शुक्रवारची. महिन्यातून एखाद्या गुरुवारी संध्याकाळी तो बसने रियाधला यायचा, बत्ह्यातल्या मित्राच्या खोलीत अंग टाकायचा आणि शुक्रवारी हे नवरा-बायको बत्ह्यातल्या एका केरळी हॉटेलच्या फॅमिली सेक्शनमध्ये भेटायचे. तेव्हा टेबलांना पडदे असायचे. मासे, भात, मग चहा, मग पुन्हा चहा. वेटर बिचारा चांगला होता, पडद्याबाहेरून खोकून आत यायचा. दुपारी परतीची बस. एकदा मी तिला मुलाबाळांचं विचारलं, मैत्रीण म्हणून विचारलं. ती म्हणाली, "कुठल्या टेबलाखाली वाढवू?"

एकच आशा होती. दिगंबरची बदली रियाधला झाली तर दोघांना खोली घेऊन एकत्र राहता येणार होतं. त्याची कंपनी एका सौदी कफीलाच्या, म्हणजे जामीनदार मालकाच्या, नावावर होती, पण कारभार सगळा घोरपडे साहेबांच्या हातात. हे घोरपडे साहेब आमच्या मराठी मंडळाचे आधारस्तंभ. माणूस दिलदार, खर्चिक, स्वतः शून्यातून वर आलेला आणि ते शून्य रोज सगळ्यांना दाखवणारा. दिगंबरने बदलीचा अर्ज त्यांच्याकडे दिला होता. अर्ज पुढे सरकत नव्हता, पण नाकारलाही नव्हता.

दर हिवाळ्यात घोरपडे साहेब रियाधबाहेर एक इस्तराहा भाड्याने घेऊन मंडळाला जेवण द्यायचे. इस्तराहा म्हणजे उंच भिंतीआडची बाग, हिरवळ, पोहण्याचा हौद आणि एक मोठा हॉल. त्या वर्षी त्यांनी माधवीला आग्रहाने बोलावलं. 'मला आवडलेलं पुस्तक' या विषयावर तिने बोलायचं होतं. आणि नेमकी जेवणाच्याच शुक्रवारी दिगंबरची यायची पाळी होती. त्याचा फोन आला तो असा, की साहेबांनी साइटवरची माणसं मांडव, गॅस आणि पाण्याच्या पंपासाठी रियाधला बोलावली आहेत, त्यात मी आहे. मी तिथेच असेन, पण तू ओळख दाखवू नकोस. साहेबांना चारचौघांत अवघडल्यासारखं होईल आणि अर्ज त्यांच्याकडे पडलाय. माधवीने कबूल केलं. गाडीत माझ्या शेजारी बसून तिने हे मला सांगितलं आणि सगळा रस्ताभर खिडकीबाहेर बघत राहिली. मला रडू यायला लागलं होतं. तिला आलं नव्हतं.

भाषण तिने झकास केलं. बंगला, पार्ट्या, लिंबू सरबत, सगळं सांगितलं. लोक हसत होते, साहेब पहिल्या रांगेत मांडीवर थाप मारत होते. ग्लास कोण विसळणार, हे मात्र तिने त्या दिवशी विचारलं नाही. मी वाट बघत होते. हिरवळीच्या कडेला, हौदापलीकडे, पंपाजवळ निळ्या डांगरीत एक माणूस पाइप धरून उभा होता आणि भाषण ऐकत होता. मी त्याला आधी कधी पाहिलं नव्हतं, तरी ओळखलं. इतकं मन लावून ते भाषण दुसरं कुणी ऐकत नव्हतं.

मग जेवणं सुरू झाली. घोरपडे वहिनी पदर खोचून प्रत्येकाला आग्रह करत होत्या. मनाने फार चांगल्या बाई, कुणी उपाशी राहू नये म्हणून धडपडणाऱ्या. दिगंबर हात पुसत आमच्या टेबलापाशी गॅसची नळी बघायला आला, तशी त्यांनी एक डबा भरला. पुरणपोळी, कटाची आमटी, मसालेभात. आणि डबा त्याच्या हातात देत म्हणाल्या, "भैया, ये ले जाओ. उधर पीछे बैठके खा लो. ये हमारा महाराष्ट्र का मीठा रोटी है, तुमको अच्छा लगेगा." बाईंचंही चुकलं नव्हतं म्हणा. आमच्या सगळ्यांच्याच डोक्यात तेच बसलेलं, डांगरी घातलेला माणूस म्हणजे हिंदी बोलायचं. मागे कापडी फलकावर 'आम्ही मराठी' असं लिहिलेलं होतं. दिगंबर म्हणाला, "शुक्रिया मॅडम." आणि वळला.

माधवीने हातातलं ताट खाली ठेवलं. मी तिचा हात धरला, तिने तो सोडवून घेतला. अगदी नेहमीच्या आवाजात, म्हणजे सगळ्या हिरवळीला ऐकू जाईल इतक्या आवाजात, ती म्हणाली, "वहिनी, त्यांच्याशी मराठीत बोला. ते कुडाळचे आहेत. माझे मिस्टर आहेत." मग खुर्ची सरकवून ती त्याला म्हणाली, "दिगू, बस हय. पोळी गरम आसा." मालवणी मी तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकली.

वहिनी गोऱ्यामोऱ्या झाल्या. "अगंबाई, मग आधी सांगायचं नाही का," असं म्हणत त्यांनी स्वतः पान वाढलं, तूप तर वाटीभर ओतलं. दिगंबर खुर्चीच्या टोकावर बसला. मान खाली घालून जेवला आणि पंपाकडे निघून गेला. साहेब दुसऱ्या टेबलाकडे वळले. आम्ही गाडीने घरी परतत होतो. माझ्या मनात एकच, गेला आता अर्ज. माधवी म्हणाली, "मी शब्द मोडला. तो माझ्यावर रागावणार आणि त्याचं बरोबर आहे."

अर्ज गेला नाही, उलट साहेबांचाच फोन आला. दिगंबरला रियाधला आणतो, ऑफिसात बसवतो, सुपरवायझर करतो, इकाम्यावरचा धंदाही बदलून घेतो, वर कंपनीचा फ्लॅट देतो. "मॅडमच्या मिस्टरांनी आता हातात पाना धरायचा नाही. मंडळात बरं दिसत नाही," असं ते हसत हसत म्हणाले. मला काय आनंद झाला म्हणून सांगू. मी तर पडद्यांचे रंग सुचवायला लागले. माधवीच्या डोळ्यांत इतक्या वर्षांत पहिल्यांदा पाणी आलं. ती म्हणाली, "मला हे हवंय गं. फार हवंय. म्हणूनच त्याला विचारायला भीती वाटतेय."

विचारायला जाताना तिने मला बरोबर नेलं. मी नको नको म्हणत होते, ती म्हणाली, "मी त्याला पटवायला लागले तर टेबलाखालून मला चिमटा काढ." केरळी हॉटेल, तोच पडदा, मासे आणि भात. दिगंबर माझ्यामुळे संकोचला होता. माधवीने साहेबांचा निरोप जसाच्या तसा सांगितला, एक शब्द वाढवला नाही. मग म्हणाली, "माका काय होया ता मी मागसून सांगतंय. आधी तू सांग. तुका काय होया?"

तो भाताचं एक एक शीत गोळा करत राहिला. हिच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं, पण तोंडातून चकार शब्द काढला नाही तिने. मी चिमटा काढायच्या तयारीत होते, तशी वेळच आली नाही. शेवटी तो म्हणाला, "माका पानो होयो आणि तू होयी. हाफिस नको." आणि मग माझ्याकडे बघून, शुद्ध मराठीत, जरा ओशाळून, "मॅडम, मी तिथे हेड फिटर आहे. माणसं माझ्या हाताखाली शिकलीत. बायकोमुळे साहेब झालो असं कुणी म्हटलेलं मला नाही सोसणार."

माधवी म्हणाली, "बरं." एवढंच. मग काटा काढून तिने मासा त्याच्या पानात वाढला.

पुढच्या सोमवारी तिने शाळेला राजीनामा दिला. बुरैद्याला एक लहानशी भारतीय शाळा होती. तिथे पाचवी-सहावीला इंग्रजी शिकवायला बाई हवी होती, पगार कमी, हुद्दा कमी, अमेरिकन कादंबरीला वाव शून्य. आमच्या स्टाफरूममध्ये हाहाकार. घोरपडे साहेब स्वतः शाळेच्या फाटकापर्यंत आले. "मॅडम, लोक शिडी चढतात, तुम्ही उतरताय." ती म्हणाली, "साहेब, त्यांना कॅम्पाबाहेर राहायची परवानगी हवी आहे. तेवढी द्या, बाकी काही नको." साहेबांनी ती दिली, तिथल्या तिथे फोन लावून दिली. मी त्यांना नावं ठेवत नाही. त्यांनी देऊ केलं होतं ते त्यांच्या दृष्टीने मोठंच होतं. ते त्यांच्या घरातलं सगळ्यात उत्तम होतं.

तिच्या शेवटच्या तासाला बारावीतली एक धीट मुलगी उभी राहिली. म्हणाली, "मॅम, बट इजंट इट अ डाउनग्रेड?" भिंतीपलीकडून मी खडू हातात धरून ऐकत होते. माधवी म्हणाली, "असेल. तुला मोठी झाल्यावर माझ्यापेक्षा चांगलं काही सुचलं तर मला कळव." मग पुस्तक उघडल्याचा आवाज आला. जाताना ती माझ्या गळ्यात पडली नाही. आमच्या दोघींचा तो स्वभाव नाही. ती म्हणाली, "तुझ्या थीटाला आता शांतता." मी घरी येऊन दार लावून मनसोक्त रडले.

त्यानंतर ऐन खजुराच्या हंगामात आम्ही दोघं बुरैद्याला गेलो. बाजारात खजुराच्या पेट्यांनी भरलेल्या गाड्यांच्या रांगा लागल्या होत्या, ऊन असं की पापणी मिटावी. तिचं घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. दाराशी पोचलो तर आतून मोठमोठ्याने आवाज. माधवीचा तो खणखणीत आणि त्यावर दिगंबरचाही, तितकाच चढा. आमचे हे म्हणाले, "परत जाऊ या का?" मी बेल दाबली. दार उघडलं दिगंबरने, लुंगी सावरत, चेहरा लाल.

"बरी आलीस," माधवी आतून म्हणाली. "लग्नाला इतकी वर्षं झाली आणि या माणसाला झोपायला सोळावर एसी लागतो, हे मला आत्ता कळतंय. मी गोठून मरते. कालपासून भांडतोय आम्ही."

मी म्हटलं, "इतकी वर्षं कधी भांडला नाहीत?"

ती सोफ्यावर पाय घेऊन बसली, अंगावर स्वेटर, बाहेर आग ओकणारं ऊन. "कधी भांडणार? महिन्यातून एक दुपार. त्यात कोण भांडतं? दोघंही मुकाट गोड बोलायचो आणि बस पकडायची. बत्ह्यात मी याच्याशी कधी आवाज चढवून बोलले नाही, वैशाली. परवडायचं नाही गं."

मला एकदम भरून आलं. तिला ते दिसलं असावं, कारण ती उगीच उशी झटकायला लागली. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज आला, मग दिगंबरचा. "एसी बंद केलंय गो."

"बंद कित्याक केलंस? पाहुण्यांका उकडतला."

"तूच बोललंस ना."

"मी कमी कर म्हटलंय. बंद कर म्हटलंय काय?"

तो चहाचं आधण टाकून बाहेर आला आणि दोघं पुन्हा सुरू झाली. आम्ही दोघं सोफ्यावर घामेजून बसलो होतो, आणि त्यांनी लवकर थांबू नये असं मला वाटत होतं.